मसाई मारा: चार रात्री, शून्य क्रॉसिंग

माळरान
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको) केनियात मसाई माराला जाऊन आलो. आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "क्रॉसिंग मिळालं का?" नाही मिळालं. हे एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं म्हणून हा धागा. फोटो मागाहून टाकतो, लॅपटॉप लेकाने नेलाय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण तेरा लाख विल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरण) आणि त्यांच्यासोबत दोनेक लाख झेब्रे वर्षभर पावसामागे, म्हणजे खरं तर गवतामागे, गोल फिरत असतात. जानेवारी ते मार्च मुक्काम टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला. पिल्लं तिथे होतात. मग हळूहळू उत्तरेला सरकत जुलै ते ऑक्टोबर माराच्या कुरणात. वाटेत मारा नदी आडवी येते, नदीत मगरी. ती नदी कळपाने ओलांडायची, ते हे क्रॉसिंग. मी समजत होतो की एकदा ओलांडली की संपलं. तसं नाही. अलीकडे सर आली की अलीकडे, पलीकडे आली की पलीकडे, असं त्यांचं महिनाभर चाललेलं असतं. त्यामुळे तारीख वगैरे काही नसते. बुकिंग करताना आम्हाला "सप्टेंबरअखेर म्हणजे गॅरंटीड" असं सांगितलं होतं, आणि आम्हीही ते गिळलं.

पहिले दोन दिवस नदीकाठी गेले. दुसऱ्या दिवशी तर सकाळी साडेआठपासून. समोरच्या काठावर कळप जमतोय, अजून जमतोय, मागून धुळीची रांग येतेच आहे. आमच्या बाजूला गाड्या मोजल्या, त्रेचाळीस. सगळ्यांची इंजिनं बंद, सगळे कुजबुजत. अकराच्या सुमाराला पाचसहा झेब्रे उतरणीवरून पाण्याशी आले. मेहुण्याने कॅमेरा डोळ्याला लावला तो वीस मिनिटं खाली घेतला नाही. झेब्रे प्यायले. एकाने पाय पाण्यात घातला. आणि कुठेतरी एक पाणघोडा फुसकारला, बस्स, आख्खा कळप वळला आणि चौखूर परत टेकाडावर. धूळ खाली बसायलाच दहा मिनिटं लागली. गाइड शांतपणे म्हणाला, "पोले", म्हणजे वाईट वाटलं. आणि थर्मासमधला चहा काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर चित्ता असल्याचं आलं. गेलो. मादी आणि तीन पिल्लं, आणि भोवती पंधरासोळा गाड्या. नियमाने एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत. ती उठून दूरच्या गॅझेलकडे दोन पावलं टाकायची, की गाड्यांची रांग तिच्यापुढे सरकायची. तीनदा झालं. मी म्हटलं चला इथून. मेहुणा म्हणाला, एवढे पैसे घालून आलोय, मी हलणार नाही. गाडीतल्या गाडीत चांगलीच जुंपली. शेवटी बायकांनी निकाल दिला आणि निघालो. मेहुणा जेवणापर्यंत बोलला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्याच संध्याकाळी गाइडने एका उघड्या माळावर गाडी थांबवली. एक सिंहीण एकटीच बसलेली, जमिनीतल्या एका भोकाकडे तोंड करून. बाकी काही नाही. रेडिओवर कोणाला सांगण्यासारखंही नाही, त्यामुळे दुसरी गाडी नाही. भोक वॉर्टहॉगचं, म्हणजे तिकडच्या सुळेवाल्या रानडुकराचं. मोठं वॉर्टहॉग बिळात उलटं शिरतं, पार्श्वभाग आधी, म्हणजे बाहेर पडताना सुळे पुढे राहतात. हे गाइडने सांगितलं आणि मग आम्ही पाचही जण त्या भोकाकडे बघत बसलो. एक तास दहा मिनिटं. सिंहीण मधून मधून पंजाने कडेची माती ओढायची, थांबायची, कान वळवायची. गवताचा वास, लांब कुठेतरी तितर ओरडतोय, बायकोच्या मांडीवर उघडा चिवड्याचा डबा आणि कोणी हात घालत नाही. ऊन उतरायला लागलं, सहाला दिवस संपतो म्हणून गाइड घड्याळ बघायला लागला. आणि तेवढ्यात ते तोफेतून सुटल्यासारखं बाहेर आलं. शेपटी ताठ वर, अँटेनासारखी. सिंहिणीने झेप घातली ती चुकीच्या बाजूला. वॉर्टहॉग गेलं. ती दोन ढांगा पळाली, थांबली, आणि आमच्याकडे न बघता पंजा चाटायला लागली. आमच्या भाऊजींचा पत्त्यांत डाव गेला की ते असाच चष्मा पुसतात.

फोटो एकही नाही. कॅमेरा मांडीवरच राहिला. मला विचाराल तर मारा मी तेव्हा पाहिलं.

चिंचपोकळीकर
मस्त लिहिलंय. पण खर्चाचं लिहा हो. आम्ही पामर तेच वाचायला येतो.

सांजवेळ
वॉर्टहॉगचं बेस्ट! आणि मेहुण्यांची बाजू पण मला पटते बरं का. एकदाच जाणार असतो माणूस. मी २०१९ला ऑगस्टमध्ये गेले होते, दुसऱ्याच दिवशी क्रॉसिंग मिळालं. पंचवीस मिनिटं चाललं. आवाज अजून कानात आहे, हजारो बैलगाड्यांचे बैल एकदम हंबरल्यासारखा. एक पिल्लू वाहत खाली गेलं आणि त्याची आई परत पाण्यात शिरली. मी रडले. तुम्ही "मारा मी तेव्हा पाहिलं" म्हणताय ते ठीक, पण क्रॉसिंग न दिसलेल्या माणसाने म्हणणं जरा सोपं असतं :)

माळरान
@सांजवेळ, हा बाण लागला. मान्य. दिसलं असतं तर धाग्याचं नाव वेगळं असतं.

@चिंचपोकळीकर, माणशी साधारण पावणेतीन लाख, मुंबई-नैरोबी विमान धरून. ते विमान थेट आहे, सहा तासांत पोचता. त्यात मोठा घास पार्कच्या फीचा. परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. ही फी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्यापुरती. म्हणजे शेवटच्या दिवशी निघायला उशीर केलात तर तोही दिवस मोजला जाऊ शकतो, तो कसा वाचवायचा ते कॅम्पवाल्यांना आधीच विचारा. आम्ही नैरोबीहून रस्त्याने गेलो, माई माहियू आणि नारोकमार्गे, सहा तास. बलूनमध्ये बसलो नाही. माणशी साडेचारशे-पाचशे डॉलर ऐकल्यावर बायको म्हणाली, मी जमिनीवरच बरी.

वऱ्हाडी_ठसका
भाऊ, लय भारी. एक विचारतो, आमच्या ताडोबात अन् तिथं फरक काय वाटला? ताडोबात वाघ दिसला नाही तं माणूस तोंड लपवत परत येते.

माळरान
@वऱ्हाडी_ठसका, ताडोबात आपण कानाने जंगल वाचतो. चितळाचा कॉल, वानराचा खकार, मग जिप्सी बंद, मग वाट बघणं. नऊ दशांश वेळ काहीच दिसत नाही आणि तरी छातीत धडधड. मारात उलटं, क्षितिजापर्यंत सगळं उघडं. तिथे गाइड ऐकत नाही, बघतो. तेही सिंहाला शोधत नाही, सिंहाकडे बघणाऱ्यांना शोधतो. चार जिराफ एकाच दिशेला मान करून थिजलेत का, वारुळावर उभा असलेला टोपी (हरणासारखा, मांड्यांवर निळसर-काळे डाग, सगळ्यांना वाटतं चिखल लागलाय) कुठे टक लावून आहे, असं. आणखी एक, क्षेत्रफळ. मला वाटायचं मारा म्हणजे अफाट. अभयारण्य आहे १,५१० चौरस किमी. ताडोबा-अंधारी कोअर आणि बफर मिळून १,७२७. मारा अफाट वाटतं कारण नजर अडत नाही, आणि कारण दक्षिणेला सेरेंगेटी लागूनच आहे, मध्ये कुंपण नाही. सेरेंगेटी एकटंच १४,७६३ चौरस किमी.

आणि तुला आवडेल अशी गोष्ट. चौथ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला आणि आमची लँड क्रूझर रुतली. चाकं गरगर फिरतात, गाडी जागच्या जागी खाली जाते. गाइड उतरला, चिखल हातात घेतला आणि म्हणाला, "ब्लॅक कॉटन." मी म्हटलं काय? म्हणाला, या मातीला ब्लॅक कॉटन म्हणतात. ओली झाली की कोणाला सोडत नाही, वाळली की भेगा पडतात.

वऱ्हाडी_ठसका
अरे बाप्पा! म्हणजे आमची काळी मातीच की! पावसाळ्यात चप्पल वावरातच राहते अन् माणूस घरी येते. मंग काढली कशी?

माळरान
दुसऱ्या गाडीने दोर लावून. पाऊण तास. मेहुणा चिखलात गुडघाभर, आणि तोवर आमचं भांडण मिटलं होतं.

हिरवळ
अवांतर नाही, पण झाडांबद्दल. माराच्या प्रत्येक फोटोत माळावर एकेकटं छत्रीसारखं झाड असतं आणि लोक खाली "बाभूळ" लिहितात. बाभळी आहेतच, पण त्या एकट्या उभ्या झाडांपैकी बरीचशी बॅलॅनाइट्स असतात, म्हणजे आपलं हिंगणबेट. तेच काटे, तीच खजुरासारखी फळं. आमच्याकडे आजी हिंगणबेटाचा गर साबणासारखा वापरायची. खालून झाडाची कड कशी सरळ कापल्यासारखी दिसते ना, ती जिराफांनी जिभेने केलेली छाटणी. गवतही परकं नाही. माराचं मुख्य गवत थेमेडा, आणि त्याचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर आणि माळांवर आहेत. "मारा" या मासाई शब्दाचा अर्थही ठिपकेदार. झाडाझुडपांचे ठिपके, ढगांच्या सावल्यांचे ठिपके.

कॅमेरावाला_बंड्या
कुठली लेन्स नेली होती? मी जानेवारीत जायचा विचार करतोय, १००-४०० पुरेल का?

नैरोबीकर
नमस्कार मंडळी, बारा वर्षं इथे आहे, राहवलं नाही म्हणून लिहितो.

@कॅमेरावाला_बंड्या, १००-४०० भरपूर. ट्रायपॉड आणू नका, गाडीत उभा करायला जागा नसते. दोरीने तोंड आवळता येईल अशी जाड कापडाची रिकामी पिशवी शिवून आणा. इथे दुकानातून दोन-तीन किलो तांदूळ घ्या, पिशवीत भरा, गाडीच्या छताच्या कडेवर ठेवा, वर लेन्स. निघताना तांदूळ ड्रायव्हरला द्या. पण जानेवारीत मारात विल्डबीस्टचे मोठे कळप नसतील हे धरून चला. ते तेव्हा खाली सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला, न्डुटूकडे. तुम्हाला पिल्लं होताना बघायची असतील तर फेब्रुवारीत टांझानियाला जा. पिल्लू पडतं आणि काही मिनिटांत उभं राहून पळतं, आणि तरस त्याच काही मिनिटांसाठी टपलेलं असतं.

धागाकर्त्याने मुख्य अभयारण्याबद्दल लिहिलंय. त्याला लागून उत्तर-पूर्वेला कॉन्झर्व्हन्सी आहेत, डझनाहून जास्त. ओलारे मोतोरोगी, नाबोइशो, मारा नॉर्थ ही नावं ऐकली असतील. ती जमीन सरकारची नाही, मासाई कुटुंबांच्या नावावर आहे. कॅम्पवाले एकत्र येऊन ती भाड्याने घेतात, दर महिन्याला मालकाला ठरलेली रक्कम मिळते, बदल्यात तिथे कुंपण नाही, शेती नाही, गुरं चारायची ती ठरवून पाळीपाळीने. खाटांची संख्या मर्यादित, त्यामुळे गाड्या कमी. वाट सोडून गाडी नेता येते, रात्री फिरता येतं, गाइडबरोबर पायी जाता येतं. यातलं काहीच अभयारण्यात चालत नाही. महाग आहे. पण त्रेचाळीस गाड्या दिसणार नाहीत. २०२० मध्ये पर्यटक थांबले तेव्हा भाड्याचं काय, हा प्रश्न आला होता आणि तेव्हा कळलं की सिंह कोणाच्या जिवावर जगतात.

चित्त्याबद्दल तुमचा राग योग्य आहे. २०१८मध्ये माराच्या चित्त्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटक फार, तिथल्या मादीचं एका वेतातलं सरासरी ०.२ पिल्लू मोठं होतं. जिथे कमी, तिथे २.३. इतका फरक. गाड्यांमुळे शिकार हुकते, आणि गाड्यांचा घोळका बघून सिंह-तरसांनाही पत्ता लागतो. ड्रायव्हरला दोष देऊन उपयोग नाही, मागून पाहुणा खांद्यावर थापा मारत असतो "जवळ घे, जवळ घे". टीप त्याच्याच हातात.

सांजवेळ
०.२ आणि २.३? हे वाचून माझ्या २०१९च्या चित्त्याच्या फोटोकडे बघवेना. आमच्या भोवती वीस तरी गाड्या होत्या आणि आम्ही खूश होतो.

चिंचपोकळीकर
म्हणजे कुनोत आपण नामिबियाहून चित्ते आणले २०२२ला, आणि पुढे तिथेही हेच करणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कुडाळचो_बाबल
"बिग फाइव्ह" दिसले का ते कोणीच विचारलं नाही? गेंडा?

माळरान
चार दिसले. गेंडा नाही. मारात काळे गेंडे मोजकेच. तसं ते पाचाचं प्रकरण शिकाऱ्यांचं आहे. पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे पाच म्हणून सिंह, बिबळ्या, हत्ती, गवा (तिकडची केप म्हैस) आणि गेंडा. केनियात १९७७पासून शिकार बंद आहे, यादी मात्र पर्यटकांनी पुढे चालू ठेवली. त्या यादीत जिराफ नाही, तरस नाही, हे मला तरी विनोदी वाटतं.

नैरोबीकर
गेंडा हवा असेल तर एक दिवस नाकुरूला द्या, किंवा सरळ नैरोबी नॅशनल पार्क. शहराला लागून, ११७ चौरस किमी, १९४६चं, देशातलं पहिलं. गेंड्यामागे उंच इमारती दिसतात. विमान रात्रीचं असेल तर सकाळ तिथे काढा.

हिरवळ
तरसाचं नाव निघालं म्हणून. आपल्याकडचं पट्ट्यांचं तरस लाजाळू, एकटं, मेलेल्यावर जगणारं. तिकडचं ठिपक्यांचं वेगळंच. टोळीने राहतं, सत्ता माद्यांची, मादी नरापेक्षा मोठी, आणि बरीचशी शिकार स्वतः करतं. सिंहाने मारलेलं तरस चोरतं म्हणतात, पण कित्येकदा तरसाने मारलेलं सिंह हिसकावतो आणि सकाळी पर्यटक आले की सिंह बसलेला दिसतो. मारातल्या तरसांच्या टोळ्यांवर १९८८पासून सलग अभ्यास चालू आहे. आणि कोरी बस्टर्ड पाहिलात की नाही? माळढोकाचा सख्खा चुलत!

माळरान
@हिरवळ, पाहिला! गवतात असा संथ, शेतावर फेरी मारणाऱ्या जमीनदारासारखा चालला होता. गाडीतल्या कोणी वळून बघितलं नाही. मी लहानपणी वडिलांबरोबर नान्नजला दोनदा जाऊन माळढोक न बघता परत आलोय. इथे तासाभरात तीन कोरी. जरा गलबलून आलं.

अत्तराचा_फाया
मासाई लोकांबद्दल काहीच नाही? सगळ्या धाग्यांत ते लाल शुका घालून उड्या मारणारे एवढेच असतात. सेरेंगेटीतून त्यांना १९५९मध्ये बाहेर काढलं आणि न्गोरोंगोरोकडे पाठवलं, त्यानंतर ते "निर्मनुष्य जंगल" झालं. आपल्याकडे व्याघ्रप्रकल्पातून गावं उठतात तेव्हा आपण याच गप्पा मारतो.

माळरान
@अत्तराचा_फाया, बरोबर आहे, मी टाळलं. कॅम्पजवळच्या वस्तीत तासाभराची "व्हिजिट" होती, माणशी पैसे देऊन. मला तिथे उभं राहून फोटो काढवेना. आमचा गाइड मासाईच होता, त्याला विचारलं तर म्हणाला, माझ्या वडिलांना दिवसभर गुरांमागे चालताना बघायला कोणी पैसे देत नाही, नाचायला देतात. त्याच्या वडिलांची जमीन कॉन्झर्व्हन्सीत आहे, वर्षभराचं भाडं आणि गुरं दोन्ही चालू. बाकी रस्त्यावर बोलणं झालं ते गुरांवरच. तुमच्याकडे किती गाई, हा त्याचा मला पहिला प्रश्न होता. शून्य म्हटल्यावर त्याने मेहुण्याकडे बघितलं.

आणि स्वाहिली भाषेची एक गंमत राहिली. तिकडे लग्न झालेल्या बाईला मान देऊन "मामा" म्हणतात, म्हणजे आई. बायकोला कॅम्पमध्ये सगळे "मामा, चाय?" विचारायचे. काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण! मेहुण्याने एका वेटरला प्रेमाने "दादा" अशी हाक मारली आणि स्वयंपाकघरातून हशा आला. गाडीला मात्र "गारी"च म्हणतात, रंगाला "रंगी".

सुगरण_नाशिक
शाकाहारी जेवणाचं काय? सासूबाईंना न्यायचंय, ६८ वय. आणि लशी?

माळरान
जेवणाची काळजी नको. केनियात चपाती आणि चहा घरच्यासारखा, कॅम्पवर डाळ, भाजी, भात मिळाला. त्यांचा सुकुमा (पालेभाजी) आणि उगाली (मक्याची घट्ट उकड) दोन्ही शाकाहारी. सकाळी गारठा खूप, जागा दीड हजार मीटरहून उंच आहे, सासूबाईंना स्वेटर आणि कानटोपी. रस्ता खडबडीत, कंबर दुखत असेल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान घ्या, पण सामान पंधरा किलो आणि मऊ बॅगेतच.

यलो फीवरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी आणि पिवळं कार्ड जपून. ते परत येताना मुंबईत बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढे ही लस द्यायची का, ते मात्र आधी डॉक्टरांना विचारा, हे तिकीट काढायच्या आधी. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच. व्हिसाऐवजी आता ऑनलाइन ईटीए (प्रवासाची परवानगी) आहे. आणि प्लास्टिकच्या पिशव्या बॅगेत घालू नका, तिथे २०१७पासून बंदी आहे. आमच्या चकल्या डब्यात गेल्या.

मेहुणा_बोलतोय
नवीन आयडी काढून लिहितोय. चित्त्याच्या ठिकाणी मी नव्हतो हलत हे खरं. पण वॉर्टहॉगच्या बिळापाशी अर्ध्या तासाने "चला आता, काही होत नाही" कोण म्हणालं होतं ते पण लिहा की भाऊजी.

माळरान
...

मी.

वऱ्हाडी_ठसका
हा हा हा! फोटो कवा येते?